दुसरी किल्ली

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की चांदणी चौक, बावधन, भूगाव आणि मग आमचे भुकूम. पुढे छोटासा घाट ओलांडला की पिरंगुट. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो तेव्हा खाटपेवाडीकडून येणारी रामनदी पावसाळ्यात तरी नदीसारखी दिसे. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती आणि मंगल कार्यालये आहेत, आणि आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये छोटी छोटी वर्कशॉप. पिरंगुट-उरवड्याच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग इथे प्रेसवर ठोकले जातात. अशाच एका शेडचा मालक माझा शेजारी आहे. चौदा कामगार, चार प्रेस, एक लेथ आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक कॉम्प्युटर. त्याच कॉम्प्युटरवर बिले, चलने, जीएसटी, बँक आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. ‘काका, माझ्या मेलवरून दुसरंच कुणीतरी पत्र लिहितंय,’ म्हणाला. झाले होते ते असे. त्याच्या एका जुन्या ग्राहकाने देणे चुकते केले होते, पण भलत्याच खात्यात. ग्राहकाचे म्हणणे सरळ होते : तुमच्याच मेलवरून पत्र आले, आमचे बँक खाते बदलले आहे असे त्यात लिहिले होते, खाली तुमचे नाव, मागच्या बिलाचा क्रमांक, बाकी रक्कम पैशासकट बरोबर. आम्ही पैसे भरले, आता तुमचे तुम्ही बघा. कामगारांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती, आणि दिवाळीचा बोनस तोंडावर आला होता.

मी तेहतीस वर्षे एका सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी विभागात. खोटी सही, खोटी पावती, खोटे तारण यांची मला सवय होती. इथे मात्र काहीच खोटे नव्हते. पत्ता खरा, मेल खरा, बिल खरे. फक्त लिहिणारा हात परका होता. नंतर एका जाणकाराने कॉम्प्युटर उघडून पाहिला तेव्हा कळले, की तो परका महिनाभर आत मुक्कामाला होता. एका मेलसोबत ‘पर्चेस ऑर्डर’ म्हणून फाइल आली होती. नावाच्या शेवटी पीडीएफ दिसत होते, पण त्याच्याही पुढे ईएक्सई हे खरे आडनाव होते आणि विंडोज ते आपणहून लपवते. माझ्या शेजाऱ्याने ती उघडली, काहीच दिसले नाही, म्हणून पुन्हा उघडली आणि मग विसरून गेला. त्या दिवसापासून त्याचा पडदा, त्याची बोटे कीबोर्डवर काय टाइप करतात ते आणि त्याचा सगळा पत्रव्यवहार दूर कुठेतरी बसलेला माणूस पाहत होता.

या जातीच्या मालवेअरला ‘रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘रॅट’, म्हणजे उंदीर. नाव छान आहे, पण पुरते खरे नाही. उंदीर धान्य खातो तेव्हा कुरतडल्याचा आवाज येतो. हा खात नाही, तुमच्या खुर्चीत बसून तुमच्या नावाने कारभार करतो. निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मी या प्राण्याचा इतिहास शोधायला लागलो. हा लेख त्यातून आला आहे.

‘ट्रोजन हॉर्स’ हा शब्द कॉम्प्युटरच्या संदर्भात आढळतो तो १९७२ साली, अमेरिकी हवाई दलासाठी लिहिल्या गेलेल्या संगणक सुरक्षेवरच्या एका अहवालात. वरून उपयोगी दिसणारा आणि आतून दुसऱ्याचे काम करणारा प्रोग्राम, असा त्याचा अर्थ. ग्रीकांचा लाकडी घोडा कशाला हवा, असे मला तेव्हाच वाटले. पुण्यात राहणाऱ्याला लाल महाल पुरेसा आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाएस्तेखानावर घातलेला छापा आपल्याला शौर्याची कथा म्हणून पाठ असतो. एकदा तो खानाच्या पहारेकऱ्याच्या बाजूने वाचून पाहावा. खाफीखान सांगतो, की परवान्याशिवाय मराठ्याला पुण्यात शिरू द्यायचे नाही असा खानाचा हुकूम होता. मग खानाच्याच चाकरीतल्या काही मराठा प्यादांनी कोतवालाकडून लग्नाच्या वरातीसाठी दोनशे माणसांचा परवाना काढला, एका पोराला नवरदेव केले आणि वाजतगाजत आत आले. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण पकडलेले कैदी म्हणून आले. आणि महालात शिरायची वाट कोणती? भटारखाना आणि जनानखाना यांच्यामधली, चिखल-विटांनी बुजवलेली एक लहानशी खिडकी. तपशिलाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत आणि खाफीखान काही त्या रात्री तिथे हजर नव्हता. पण सुरक्षेच्या धंद्यातल्या माणसाला यात तीन गोष्टी लगेच दिसतील : परवाना खरा होता, तो आतल्याच माणसांनी काढला होता आणि खिडकी बुजवल्याची खातरी कुणी करून घेतली नव्हती.

एखाद्या कंपनीने गेटवर कितीही पहारा ठेवला तरी ‘पर्चेस ऑर्डर’ ही वरातच असते. धंदेवाल्याला ती अडवता येत नाही. तो तिचीच तर वाट पाहत असतो.

ऑगस्ट १९९८ मध्ये लास व्हेगासला हॅकरमंडळींच्या मेळाव्यात ‘कल्ट ऑफ द डेड काउ’ या टोळक्याने ‘बॅक ऑरिफिस’ नावाचा प्रोग्राम जाहीर केला. मायक्रोसॉफ्टच्या ‘बॅकऑफिस’ या उत्पादनाच्या नावाची ती वात्रट मोडतोड होती. एकाने आपल्या जागेवर बसून दुसऱ्याच्या विंडोज यंत्रावर हवे ते करावे, ही त्याची करामत. विंडोजमध्ये सुरक्षा नावाची चीज नाही हे दाखवण्यासाठी आम्ही हे केले, असे कर्त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ‘नेटबस’ आला, पुढच्या वर्षी ‘सबसेव्हन’. ही हत्यारे आणि दूरच्या शाखेतला कॉम्प्युटर मुख्य कार्यालयातून दुरुस्त करण्याची सोय, यांत तांत्रिक फरक फारसा नसतो. एकात यंत्राच्या मालकाला ठाऊक असते, दुसऱ्यात नसते. पुढच्या काळात तर असे प्रोग्राम ‘व्यवस्थापनाचे साधन’ म्हणून उघड विकले गेले. ‘ब्लॅकशेड्स’ चाळीस डॉलरला मिळे. २०१४ मध्ये त्याच्यावर अनेक देशांत एकदम कारवाई झाली, तेव्हा पाच लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने बाधित झाल्याचे अमेरिकी तपास यंत्रणांनी सांगितले. ‘नेटवायर’ २०१२ पासून विकला जात होता, त्याचे दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद पाडले गेले.

मधल्या काळात एक बदल झाला, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचा रॅट तुमच्या यंत्रात एक दार उघडून बसे आणि परका बाहेरून ते दार ठोठावी. कंपन्यांनी फायरवॉल बसवल्या, बाहेरून आत येणारे अडवले जाऊ लागले. मग रॅटने दिशाच उलटवली. आता आत बसलेला प्रोग्राम स्वतःहून बाहेर, आपल्या धन्याला हाक मारतो. पहारेकरी येणाऱ्याला हटकतो, जाणाऱ्याला नाही. ऑफिसातले यंत्र बाहेर कुठल्यातरी ठिकाणी जोडले गेले, तर त्यात काय नवल? दिवसभर ती तेच करत असतात. माझ्या शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस नव्हता असे नाही. होता, मुदत संपलेला होता. पण तो ताजा असता तरी खातरी देता आली नसती. ओळखीच्या चोरांच्या फोटोंशी चेहरा ताडून पाहणे हे त्याचे मूळ काम, आणि रॅट विकणारे चेहरा बदलून देण्याची सोयही विकतात.

अँटिव्हायरसचा विषय निघाला, तर पुणेकर म्हणून एक आठवण नोंदवली पाहिजे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातल्या, दहावीनंतर शिक्षण सोडलेल्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि १९९३ मध्ये पुण्यात ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ काढली. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत फ्लॉपीतून आलेले व्हायरस सापडत, ते काढायला त्यांनी प्रोग्राम लिहिला. त्याचे ‘क्विक हील’ झाले आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. आमच्या बँकेत तेव्हा नुकते कॉम्प्युटर आले होते. ‘व्हायरस’ म्हणजे धुळीमुळे होणारा काहीतरी प्रकार, अशी आमच्या एका साहेबांची समजूत होती आणि त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचा नियम असल्यामुळे तिला दुजोराही मिळे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. सहकारी बँकेतल्या आम्हा जुन्या माणसांना त्या ऑगस्टचे दिवस अजून आठवतात.

कॉसमॉस ही पुण्यात १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक, देशातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारापासून रात्री दहापर्यंत, सात तासांत, बँकेच्या व्हिसा कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे बारा हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. त्याच वेळी भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार झाले, त्यांत अडीच कोटी गेले. रविवार मध्ये गेला. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका बँकेतल्या कंपनीच्या खात्यावर १३.९२ कोटी पाठवले गेले. एकूण ९४.४२ कोटी.

एटीएममध्ये कार्ड घातले की ‘हो, द्या’ किंवा ‘नाही’ हे कोण सांगतो? यंत्र स्वतः सांगत नाही. ते विचारणा पुढे पाठवते. ती बँकेच्या ‘स्विच’पाशी येते. स्विच ती मुख्य खातेवहीकडे, म्हणजे कोअर बँकिंगकडे नेतो. खात्यात शिल्लक आहे का, कार्ड चालू आहे का, दिवसाची मर्यादा ओलांडली का, हे तिथे पाहिले जाते आणि उत्तर उलट्या वाटेने जाते. कॉसमॉसच्या बाबतीत मालवेअरच्या मदतीने या वाटेवर एक तोतया स्विच उभा केला गेला. विचारणा त्याच्याकडे वळायच्या आणि तो प्रत्येकीला ‘हो’ म्हणायचा. मूळ खातेवहीपर्यंत त्या पोहोचतच नव्हत्या. म्हणूनच बँक सांगू शकली, की एकाही ग्राहकाच्या खात्यातून पैसा वजा झालेला नाही. ते खरेच होते. गेला तो बँकेचा पैसा. पण तपासणीच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या वाक्याने आधार वाटण्याऐवजी घाम फुटला. कारण त्याचा दुसरा अर्थ असा होता, की वही दिवसभर स्वच्छ दिसत होती. वहीत खाडाखोड नव्हती, तफावत नव्हती, आणि तिजोरी रिकामी होत होती.

एवढी मांडामांड एखाद्या कार्डचोराला जमणारी नाही. स्विचच्या वाटेत तोतया बसवणे, कार्डांची माहिती बाहेर नेणे आणि वर स्विफ्टपर्यंत हात पोहोचवणे, हे आत राहून, पाहून, शिकूनच होते. योगायोग असा की आदल्याच दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा दिला होता, की येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी मोठी लूट होण्याची शक्यता आहे. रविवारी ती बातमी फुटली. तोवर पैसे निघून गेले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने याच धाटणीच्या हल्ल्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यामागे उत्तर कोरिया असल्याचे म्हटले. २०१९ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात कॉसमॉसचे नाव उत्तर कोरियाच्याच खात्यावर मांडले गेले. गणेशखिंड रस्त्यावरची एक सहकारी बँक संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधविषयक अहवालात झळकेल, हे भाकीत कोणत्याही सहकारमहर्षीने केले नसते.

पुण्यात गुन्हा चतुःश्रृंगी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हे कोण? बहुतेक जण नकली कार्डे घेऊन एटीएमवर रांग लावणारे, आणि त्यांना ती पुरवणारे. बीबीसीने या प्रकरणावर केलेल्या मालिकेत सांगितले आहे, की महाराष्ट्रातल्या काही जणांना आपण सिनेमात छोटीशी भूमिका करतो आहोत असे वाटत होते : एटीएममध्ये जायचे, पैसे काढायचे, शॉट ओके. पलीकडे अमेरिकेत, या भारतीय बँकेच्या लुटीसह अनेक लुटींचा पैसा फिरवणाऱ्या एका कॅनेडियन-अमेरिकी माणसाला २०२१ मध्ये ११ वर्षे ८ महिन्यांची कैद झाली. ज्यांनी तोतया स्विच लिहिला असे मानले जाते, ते कुणाच्या हाती लागलेले नाहीत.

वर्तमानपत्रांत तेव्हा प्रश्न विचारला गेला तो ‘फायरवॉल कुठे होती?’ असा. मला दुसराच प्रश्न पडला. आमच्या काळी, म्हणजे लेजरच्या काळी, हे का झाले नसते? आम्ही प्रामाणिक होतो म्हणून नव्हे. अफरातफरी तेव्हाही भरपूर होत, माझा पगारच त्यांवर चालला. पण तेव्हा ‘हो’ म्हणणारा कधीच एकटा नसे. चेक लेजरवाल्याकडे जाई, तो शिल्लक पाहून नोंद करी, पासिंग ऑफिसर सही ताडून पाही, कॅशियर टोकन घेऊनच पैसे देई आणि तो पैसे दिल्याची आपल्या वहीत वेगळी नोंद ठेवी. संध्याकाळी रोजमेळ घालताना कॅशियरची वही आणि लेजर यांची गाठ पडे. पंचवीस पैशांसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. एकाने दोन्ही जवळ ठेवल्या तर तपासणी अहवालात शेरा ठरलेला. कॉसमॉसच्या दिवशी स्विच हाच लेजरवाला, तोच पासिंग ऑफिसर आणि तोच कॅशियरला डोळा घालणारा होता. त्याला ताब्यात घेतले की दोन्ही किल्ल्या एका हाती आल्या.

ही शहाणीव बँकांनी शोधून काढली असेही नाही. हुंडी पाहा. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. अमुक रुपये, त्याच्या निम्मे अमुक, त्याची दुप्पट, अशी तीच रक्कम फिरवून फिरवून लिहीत, म्हणजे एक आकडा खोडून भागणार नाही. शिवाय ज्याने पैसे द्यायचे त्याला स्वतंत्र पत्र जाई, की अमक्याची अशी अशी हुंडी येते आहे. हुंडी एका वाटेने आणि खबर दुसऱ्या वाटेने. शहाजोग हुंडी असेल तर पैसे मिळत ते पेठेतल्या ओळखीच्या, पतदार सावकारामार्फत, वाटेल त्याला नाही. मराठेशाहीतली पत्रे पाहिली तर मजकूर संपला त्या जागी मोर्तब उमटवलेली दिसते. वर शिक्का असला तरी ती लागे, कारण शिक्का पत्र कुणाचे ते सांगतो, मोर्तब सांगते की पत्र इथे संपले, याखाली कुणी ओळ जोडली तर ती आमची नव्हे. माझ्या शेजाऱ्याच्या मेलखाली ‘आमचे खाते बदलले आहे’ ही ओळ जोडली गेली तेव्हा मला त्या मोर्तबीची आठवण झाली.

इथे कुणी म्हणेल, की हे जुन्याचे गोडवे आहेत. नाही. हुंडीच्या वेगाने आज एकही कारखाना चालणार नाही, आणि बँकेच्या संगणकीकरणाच्या समितीवर मी हौसेने काम केले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही लेजर यंत्रात नेले, शिल्लक नेली, व्याजाचा हिशोब नेला, पण दुसरी किल्ली नेताना कंटाळलो. एकाचा पासवर्ड शाखेत सगळ्यांना पाठ असे. ज्याने नोंद करायची आणि ज्याने मंजुरी द्यायची, ते दोघे एकाच टेबलावर एकाच यंत्रात लॉगिन बदलून काम करत. मी तसे शेरे मारले आणि, खरे सांगायचे तर, दोनदा साहेबांच्या सांगण्यावरून ते मवाळही केले. ज्या यंत्रावर दोन्ही लॉगिन टाइप होतात, त्या यंत्रात रॅट शिरला की त्याच्याकडे दोन्ही माणसे आली.

कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. २०१९ च्या अखेरीस ती बँकेच्या आकारानुसार पायऱ्यापायऱ्यांची झाली. हल्लेखोरही थांबले नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत क्विक हीलच्याच ‘सेक्राइट’ने एक मोहीम उघडकीस आणली. देशातल्या सहकारी बँकांना मेल येत होते, रिझर्व्ह बँकेकडून किंवा एखाद्या मोठ्या बँकेकडून आल्यासारखे, विषय कोरोनाकाळातल्या नियमांचा, सोबत झिप फाइल. आत जावामध्ये लिहिलेला ‘अ‍ॅडविंड’ रॅट. उघडला की कीबोर्डवरची अक्षरे, पडद्याची चित्रे, सगळे बाहेर. सहकारी बँकेत वरून आलेले परिपत्रक न उघडण्याची छाती कुणाची आहे? आम्ही तर ते आधी उघडायचो आणि मग चहा घ्यायचो. हल्लेखोराने आमची यंत्रे नव्हे, आमचा स्वभाव अभ्यासला होता.

परका हात नेहमी पैशासाठीच असतो असेही नाही. १९९९ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एका कायद्याच्या अभ्यासकाच्या कॉम्प्युटरवर लहान मुलांची अश्लील चित्रे सापडली. नोकरी गेली, नाव गेले. ती नेटबसमार्फत कुणी दुसऱ्याने ठेवली होती हे मान्य होऊन तो निर्दोष सुटायला २००४ उजाडले. आपल्याकडे कोरेगाव भीमा प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपवर नेटवायर होता आणि त्याच्याद्वारे कागदपत्रे घुसवली गेली, असा निष्कर्ष एका अमेरिकी प्रयोगशाळेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीत २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेने तो मानलेला नाही. त्या वादाचा निवाडा न्यायालयाचा, माझा नव्हे. मला दिसतो तो एवढाच प्रश्न, की यंत्र माझे म्हणून त्यातले अक्षर माझेच, हे गृहीत धरण्याचे दिवस गेले आहेत आणि धंद्याचे सगळे कागद आता यंत्रातच आहेत.

शेजाऱ्याची हकिकत अर्धीच राहिली. त्याने १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली. खात्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली गेली, बाकीची पुढे कुठे कुठे पसरली होती. ग्राहकाशी तीन बैठका झाल्या. एकीला मी ‘वडीलधारा’ म्हणून गेलो होतो. शेवटी नुकसान दोघांनी वाटून घेतले, कामगारांचा बोनस निम्मा झाला. दोन माणसे दिवाळीनंतर परत आली नाहीत.

मग आम्ही दोघे त्याच्या शेडमध्ये बसलो. जाणकाराने तो कॉम्प्युटर पुसून नव्याने मांडला. आधीच काढलेल्या नकलांपैकी नेमकी कोणती स्वच्छ आहे हे ठरवण्यात दोन दिवस गेले, कारण परका महिनाभर आत होता आणि नकलांतही तो असू शकत होता. सगळे पासवर्ड बदलले, तेही दुसऱ्या यंत्रावरून. त्याच यंत्रावरून बदलले असते तर नवे पासवर्डही परक्याने वाचले असते. रोज वापरायच्या लॉगिनमधून नवे प्रोग्राम बसवण्याचा अधिकार काढून टाकला. दुरुस्तीवाल्याने सोयीसाठी ठेवलेला, दुरून यंत्र चालवण्याचा एक प्रोग्राम निघाला, तोही काढला. तो निरुपद्रवी होता, पण खिडकी ती खिडकीच. फाइलींची पूर्ण आडनावे दिसतील असे केले. एक जुना लॅपटॉप फक्त बँकेसाठी ठेवला, त्यावर मेल उघडायचा नाही आणि मुलीचा अभ्यासही नाही. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची नोंद राउटरमध्ये राहील असे जाणकाराने करून दिले. केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०२२ पासून अशा नोंदी १८० दिवस ठेवायचा आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा नियम केला आहे, हे त्याच्याकडूनच मला कळले. चौदा माणसांच्या शेडमध्ये रोज ती नोंद कोण वाचणार, याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. सध्या दर रविवारी मी वाचतो. बरेचसे कळत नाही, पण रात्री दोन वाजता शेड बंद असताना काही बाहेर जात असेल तर तेवढे दिसते.

दुसरी किल्ली मात्र मी हट्टाने लावली. पैसे पाठवायचे ते तो नोंदवतो, मंजुरी त्याची बायको देते, तिच्या फोनवरून. ती पूर्वी एका पतसंस्थेत कामाला होती. आणि कुणाचेही खाते बदलल्याचे पत्र आले, तर जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करून, ओळखीचा आवाज ऐकूनच बदल करायचा. पत्रात दिलेल्या नंबरवर नाही. आपल्या ग्राहकांनाही त्याने छापील पत्रे पाठवली, की आमचे खाते बदलल्याचे आम्ही मेलने कधीही कळवणार नाही.

गेल्या भाद्रपदात आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मी गोळा करत होतो. सोसायटीने बँक बदलली होती, म्हणून नवा खाते क्रमांक सगळ्यांना मेसेजने कळवला. इतरांचे पैसे तासाभरात आले, शेजाऱ्याचे आले नाहीत. संध्याकाळी माझ्या घरचा जुना लँडलाइन वाजला. तो नंबर आता कुणी लावत नाही. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला : ‘काका, तुम्हीच ना? मग जरा त्या खात्याचे शेवटचे चार आकडे तुमच्या तोंडाने सांगा बघू.’ मी तिला थांबायला सांगितले आणि चष्मा शोधायला उठलो.